साळवे मामा आणि एक किलोमीटर सरकलेला पंप

माझ्यासारखा हुशार माणूस आमच्या पंपावर मॅनेजर नसता, तर साळवे मामांच्या आयुष्यातले ते तीन आठवडे बाकीच्या दिवसांसारखेच गेले असते. पहाटे सोलापूरजवळच्या डेपोत टँकर भरायचा, येरमाळा, चौसाळा करत मांजरसुंब्याचा घाट उतरायचा, दुपारी आमच्या पंपावर माल खाली करायचा, डबा खायचा आणि परत निघायचं. पण मी होतो ना मॅनेजर!

आधी पंप कुठे आहे ते सांगतो, कारण पुढची सगळी भानगड तेवढ्याच एका गोष्टीची आहे. घाट उतरून बीडकडे निघालात की पालीच्या अलीकडे रस्ता जरा खोलगटात जातो. त्या खोलगटात आमचा पंप. मालक आप्पा, नात्याने माझे चुलत सासरे. त्यांनी माझी लायकी बघून नव्हे, पुतणीचं तोंड बघून मला मॅनेजर केलं, हे ते स्वतःच चारचौघांत सांगतात. माझं नाव मन्मथ. कपिलधारच्या स्वामींवरून ठेवलेलं, आमच्या समाजात घरटी एक मन्मथ सापडतो. पुण्याकडची माणसं हे नाव ऐकून आधी हसतात आणि मग माझ्याकडे बघून आणखी हसतात.

साळवे मामा कुणाचे मामा होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. डेपोपासून बीडपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. उंच, हडकुळे, साठीला दोन-तीन वर्षं राहिलेली. खाकी शर्टाला कडक इस्त्री, खिशाला निळं एक आणि लाल एक अशी दोन पेनं, पायात लेसचे बूट. "तेलाच्या गाडीवर चप्पल घालून चढणारा माणूस मला दावा, मी तुमाला त्याचा दवाखाना दावतो," असं ते म्हणायचे. टँकरच्या केबिनमध्ये बाबासाहेबांचा छोटा फोटो आणि शेजारी स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलेले सुरक्षेचे नियम. पंपावर उतरले की "जय भीम, मॅनेजर साहेब!" इतक्या खणखणीत आवाजात म्हणायचे की पेट्रोल भरायला आलेली गिऱ्हाइकंही मान वर करून बघायची.

त्यांना एक खोड होती. दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची आणि वाचलेलं पाळायचं. आमच्या पंपावर 'मोबाईल वापरू नये' अशी पाटी आहे. दर खेपेला ते ती नव्याने वाचायचे आणि मग माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघत उभे राहायचे. मी तो खिशात घातला की म्हणायचे, "हां. आता बोला."

माझी नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट. टँकर आला की तो उतरवण्याच्या जागी सपाटीवर पंधरा मिनिटं तसाच उभा ठेवायचा असतो. घाटातून आलेलं तेल आत हिंदकळत असतं, ते निवल्याशिवाय माप खरं येत नाही. हा नियम सगळ्यांना पाठ आणि पाळणारे एकटे मामा. "तेलाला दम खाऊ द्या," म्हणायचे आणि हात धुऊन सावलीत बसायचे. मला दम कुठला? मी नवा मॅनेजर, डोळ्यांत तेल घालून मालकाचं हित बघणारा. मामा हात धुवायला गेले तसा मी शिडीने वर चढलो, झाकण उघडलं आणि मापाची पितळी पट्टी आत सोडली. बघतो तर खुणेपेक्षा चांगलं चार बोटं कमी! मी वरूनच बोंब मारली, "माल कमी हाय! मामा, माल कमी हाय!" सगळ्या पंपाला ऐकू गेलं. रस्त्याने जाणारा एक मोटारसायकलवाला थांबला.

मामा रुमालाला हात पुसत आले. वर बघून म्हणाले, "पट्टी तळाला टेकू द्या, साहेब. तेल तळापासनं हाय."

मी पट्टी अधांतरी धरली होती. तळाला टेकवली तर माप खुणेवर आलं, तंतोतंत. मी खाली उतरलो तेव्हा तो मोटारसायकलवाला अजून उभाच होता.

मामा रागावले नाहीत. पंधरा मिनिटं पुरी झाल्यावर ते वर चढले, पांढऱ्या रुमालाने पट्टी कोरडी पुसली, आत सोडली, बाहेर काढली आणि स्वतः न बघता माझ्यासमोर धरली. "आधी तुमी बघा. मग मी बघतो." पुढची सहा वर्षं दर खेपेला त्यांनी हेच केलं. बाकीचे ड्रायव्हर पट्टी एकदा बुचकळायचे आणि आकडा सांगून मोकळे व्हायचे.

एकदा मी त्यांना विचारलं, "मामा, तुमच्यावर कोण संशय घेतंय? कशाला एवढं?" तेव्हा त्यांनी डब्याची गोष्ट सांगितली. तरुणपणी ते एका ठेकेदाराच्या ट्रकवर होते. संध्याकाळी घरी निघताना तिथला मुनीम फाटकात उभा राहायचा आणि त्यांचा जेवणाचा डबा उघडून बघायचा. "बाकी धा जणांचे डबे तसेच जायचे. माझाच उघडायचा. आता डिझेल काय डब्यात मावतं व्हय?" सांगताना मामा हसत होते, मीही हसलो. मग त्यांचं हसू थांबलं. म्हणाले, "आमच्या माणसावर संशय घ्यायला कारण लागत न्हाई, साहेब. म्हणून मी कुणी मागायच्या आधीच दावतो. कुणी मागितलं अन् मग दावलं, तर ते दावणं न्हाई, ती झडती." मी चहा मागवला.

आणि मग इलेक्ट्रॉनिक कुलपं आली.

टँकरच्या वरच्या झाकणांना आणि मागच्या नळांच्या पेटीला अशी कुलपं बसली की किल्ली कुणाकडेच नाही. डेपोत ती बंद व्हायची. वाटेत टँकर कुठे आहे ते आभाळातला उपग्रह बघत राहायचा. टँकर पंपावर पोचला अशी खात्री पटली की पंपाच्या मॅनेजरच्या मोबाईलवर ओटीपी यायचा. तो आकडा कुलपाच्या बटणांवर दाबला की कुलूप उघडायचं. टँकर दुसरीकडे कुठे उभा असला तर आकडाच यायचा नाही. मामांना ही कल्पना फार आवडली. म्हणाले, "चांगलं हाय की. आता माझ्यावर नजर ठेवणारा जातपात न बघणारा हाय." त्यांनी त्या उपग्रहाला 'वरचे साहेब' असं नाव ठेवलं. "पैले एक साहेब डेपोत होते, आता दुसरे आभाळात. खाली उतरून बघायला दोघांना बी येळ न्हाई."

आता मशीनला पंप कुठे आहे ते कळायला हवं. त्यासाठी मॅनेजरने टँकर उतरवण्याच्या जागी उभं राहून मोबाईलवर एक बटण दाबायचं होतं. आयुष्यात एकदाच. मला आप्पांनी सांगितलं, "मन्मथ, तू शिकलेला हायस. तू कर." मे महिना. आमचा पंप खोलगटात, तिथं रेंज येईल तर शपथ. मी उन्हात दहा मिनिटं उभा राहिलो, मोबाईल डोक्यावर धरून गोल फिरलो, बटण काही लागेना. मग मी विचार केला, की चहा घेऊन येऊ. पंपापासून किलोमीटरभर पुढे, पालीच्या फाट्यावर एक हॉटेल आहे. तिथं रेंज भरपूर आणि कांदाभजी गरम. दुसरी प्लेट चालू असताना मी सहज मोबाईल काढला, तर बटण हिरवं झालेलं. मी तेलकट अंगठ्याने ते दाबलं. 'आपल्या पंपाचे स्थान नोंदले गेले आहे. अभिनंदन!' असं आलं. मला वाटलं, किलोमीटरभराने उपग्रहाला काय फरक पडतो? तो एवढ्या उंचावर असतो.

आप्पांनी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मी चार ड्रायव्हरांना आणि पंपावरच्या पोरांना समोर बसवून भाषण दिलं. "आता मानवी चुकीला वाव नाही," असं मी म्हणालो. ते वाक्य आठवलं की आजही माझे कान तापतात. मामांनी एकच प्रश्न विचारला होता. "अन् मशीनला चुकीचं सांगितलं असलं तर?" मी म्हणालो, "मामा, कशाला कोण चुकीचं सांगेल?"

पहिला टँकर मामांचाच आला. सपाटीवर उभा राहिला. आकडा येईना. अर्धा तास झाला, तास झाला. मामांनी पाटी वाचली, डबा खाल्ला, परत पाटी वाचली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, बटण कुठं दाबलंत?"

"इथंच," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यापुढे माझं काही चालेना. "फाट्यावर. हाटेलात," मी म्हणालो. "भजे खात होतो."

मामा हसले. असे हसले की त्यांना टायरला टेकावं लागलं. डोळे पुसत म्हणाले, "म्हंजे वरच्या साहेबाच्या हिशेबानं पंप हाटेलात हाय! चला मग. मशीनला तिथं नेऊन दावू."

आणि तसंच झालं. टँकर फाट्यावर नेल्याबरोबर आकडा आला, कुलूप उघडलं. आता उघड्या कुलपाचा टँकर घेऊन किलोमीटरभर मागे यायचं होतं. मामा एकटे टँकर हलवायला तयार होईनात. "उघडी गाडी मी एकटा एक फूटबी नेणार न्हाई. तुमी संगं बसा." बाहेरच्या माणसाला केबिनमध्ये बसवायचं नाही, हा त्यांनीच चिकटवलेला तिसरा नियम. तो त्यांनी एकदा वाचला आणि म्हणाले, "तुमच्यापायी मोडतोय." मग नळांच्या पेटीला पांढरा दोरा बांधला, गाठीत कागदाची चिठ्ठी अडकवली, चिठ्ठीवर वेळ लिहिली आणि माझी सही घेतली. एवढं मोठं इलेक्ट्रॉनिक कुलूप, आणि शेवटचा एक किलोमीटर तेल दोऱ्याच्या आणि माझ्या सहीच्या भरवशावर आलं.

"दुरुस्त करून घ्या," मामा जाताना म्हणाले.

दुरुस्तीचा अर्ज मी त्याच दिवशी उघडला. त्यात एक रकाना होता: 'प्रथम नोंदणी चुकीच्या ठिकाणी का झाली याचे कारण लिहावे.' खाली मालकाची सही. मी लिहिलं, 'तांत्रिक अडचण'. खोडलं. लिहिलं, 'हवामान'. तेही खोडलं. शाल अजून घडीही न मोडता कपाटात होती. मी अर्ज बंद केला.

मग ती रीतच पडून गेली. आठवड्यातून दोनदा टँकर यायचा, पंपावरून पुढे जायचा, फाट्यावर उभा राहायचा. मी पंपावरच्या एका पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून जायचो, आकडा सांगायचो, दोरा, चिठ्ठी, सही, आणि केबिनमध्ये बसून मामांबरोबर परत. "अर्ज गेला का?" "जातोय, मामा." पुढच्या खेपेला, "अर्ज गेला का?" "आप्पा गावाला गेलते." सात-आठ वेळा विचारून त्यांनी विचारणं सोडलं. खरं सांगायचं तर मला तो एक किलोमीटर आवडायला लागला होता. मामा गाडी अशी चालवत की पोटातलं पाणी हलू नये. नांदेडला शाळेत शिकवणाऱ्या मुलीचं कौतुक सांगत. "माझी सुजाता पोरांना सांगती, माझा बाप दर खेपेला वीस हजार लिटर तेल नेतो, अन् थेंब सांडत न्हाई." मी मान डोलवायचो. त्या तीन महिन्यांत मला एकदाही वाटलं नाही की आपल्या आळसाचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर चाललंय.

एका सकाळी पंपावरच्या माझ्या केबिनमधला फोन वाजला. तेल कंपनीचे चौकशी अधिकारी होते. आवाज फार सभ्य. म्हणाले, "तुमच्याकडे येणाऱ्या एका टँकरचा नकाशा संशयास्पद दिसतोय. तो पंपावर येतो, कुलूप उघडतो, आणि माल न उतरवता उघड्या कुलपाने निघून जातो. एक किलोमीटरवर दीड-दोन तास उभा राहतो. प्रत्येक खेपेला."

मला समजायला थोडा वेळ लागला. मशीनच्या मते हॉटेल म्हणजे पंप. म्हणजे मामा दर खेपेला आमचा टँकर आमच्या पंपावरून पळवत होते आणि नेऊन आमच्याच पंपावर रिकामा करत होते!

"तुम्हाला माल पूर्ण मिळतो का?" साहेबांनी विचारलं.

"हो, सर. पूर्ण."

"मग तो काढून घेतो आणि दुसरं काहीतरी मिसळून भरत असावा. बरं, तुम्ही स्थाननोंदणी उतरवण्याच्या जागीच केली होती ना?"

इथे मला 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द. मी म्हणालो, "होय, सर."

"मग तो एक किलोमीटरवर कुठं थांबतो, काही कल्पना?"

समोरच्या खिडकीतून मला उतरवण्याची जागा दिसत होती. मामांच्या टँकरच्या टायरांचे डागसुद्धा तिथं होते. मी म्हणालो, "नाही, सर."

त्याच दिवशी डेपोच्या फाटकात, टँकरांच्या रांगेसमोर, मामांचं ओळखपत्र काढून घेतलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत डेपोत पाऊल ठेवायचं नाही.

पुढचे दिवस मी फोनची नुसती घंटा ऐकली तरी दचकायचो. मामांकडे त्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या, प्रत्येकीवर माझी सही. त्यांनी त्या नुसत्या टेबलावर ठेवल्या तरी माझं पितळ उघडं पडलं असतं. पण फोन काही आला नाही. मी स्वामींना साकडं घातलं, 'मामा सुटू दे, आणि मला काही बोलायला लागू नये. कपिलधारला पायी येईन.' तेवढ्यात मामांच्या जागी दुसरा ड्रायव्हर टँकर घेऊन आला. त्यालाही फाट्यावर न्यावं लागलं. त्याने ना दोरा बांधला ना चिठ्ठी मागितली. केबिनमध्ये मला म्हणाला, "त्या म्हाताऱ्यानं लई तेल गिळलं म्हनं. दिसायचा कसा पण, बे! शर्टाला इस्त्री अन् धंदा असला." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बिंदुसरेचं धरण किती भरलंय, असं काहीतरी विचारलं.

दहाव्या दिवशी मामा आले. मोटारसायकलवर. पेट्रोलच्या रांगेत उभे राहिले, सगळ्यांसारखे. शर्टाला इस्त्री तशीच, खिशाला दोन पेनं तशीच. मी धावत बाहेर गेलो. "मामा, आत या. चहा घेऊ."

"नगं," ते म्हणाले. "मी तुमच्या केबिनीत दिसलो तर तुमच्यावर बी संशय येईल."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सहन केला असता, मला सवय आहे. ते खरंच माझी काळजी करत होते. पेट्रोल भरून, "जय भीम" म्हणून ते गेले. आवाज अगदी हळू होता, शेजारच्या गिऱ्हाइकालाही ऐकू गेला नसेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी मला जेवण जाईना. बायकोने, रेणुकाने, विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं, नवससुद्धा. ती पोळी तव्यावर तशीच टाकून माझ्याकडे वळली. "बटण तुमी दाबलं, खोटं तुमी बोललात, अन् सोडवायचं स्वामींनी? ओटीपी स्वामींच्या मोबाईलवर येत न्हाई. तुमच्या येतो." पोळी करपली. मी ती निमूटपणे खाल्ली.

अकराव्या दिवशी सकाळी मी अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'नोंदणीच्या वेळी मी पाली फाट्यावरील हॉटेलात भजी खात होतो. चौकशीत मी खोटे बोललो. चालकाचा दोष नाही. प्रत्येक खेपेला मी स्वतः टँकरमध्ये होतो.' आप्पांसमोर सहीला ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "भजी कशाची होती?"

"कांद्याची."

"तरी बरं," म्हणाले आणि सही केली. मग मला मॅनेजरच्या खुर्चीवरून उठवून तीन महिने बाहेर पेट्रोल भरायला उभं केलं. ते मला मान्य होतं. शाल मात्र त्यांनी परत मागितली, ते जरा लागलं.

दोन दिवसांनी अधिकारी आले. उतरवण्याच्या जागी उभे राहिले, मोबाईल काढला. त्यांनाही रेंज येईना. ते मोबाईल वर धरून, हळूहळू, नकळत, फाट्याच्या दिशेने चालायला लागले. मी धावत जाऊन आडवा झालो. "सर, पुढे नका जाऊ! असंच झालं होतं!" पाऊण तास आम्ही दोघं उन्हात उभे होतो. शेवटी बटण हिरवं झालं.

आठवड्याने कंपनीचं पत्र आलं. चालक श्री. साळवे निर्दोष. मी ते घेऊन बीडला त्यांच्या घरी गेलो. मनात कल्पना अशी की मामा पत्र वाचतील, मला मिठी मारतील, मी थोडा रडेन. मामांनी चष्मा लावून पत्र वाचलं, घडी केली आणि मला परत दिलं.

"हे मला कावून देता? मी चोर न्हाई हे मला ठाऊकच हाय. ज्यांना ठाऊक न्हाई, त्यांना वाचून दावा. माझं कार्ड फाटकात घेतलं, सगळ्यांदेखत. तिथं वाचा."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या यष्टीने आम्ही दोघं निघालो. मामांनी आपलं तिकीट आपण काढलं. येरमाळ्याच्या पुढे मी हिंमत करून विचारलं, "मामा, चिठ्ठ्या होत्या ना तुमच्याकडं. दाखवल्या का न्हाईत?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दावल्या असत्या तर साहेबांनी तुमाला फोन केला असता, सही तुमचीच का म्हणून. तुमी काय सांगितलं असतं?"

खरंच, काय सांगितलं असतं? मला ठाऊक नव्हतं.

डेपोच्या फाटकाबाहेर तीस-चाळीस टँकरांची रांग होती. मामांनी हाळी दिली, "या रे सगळे. पत्र आलंय." ड्रायव्हर जमले, फाटकावरचा रखवालदारही आला. मी वाचायला लागलो. माझा आवाज माझ्याच कानांत पोचेना.

"मोठ्यानं," मामा म्हणाले.

मी मोठ्याने वाचलं. 'स्थाननोंदणीतील त्रुटीमुळे' इथपर्यंत आलो तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "त्रुटी म्हंजे काय, ते ह्यांना कळंल असं सांगा."

मग मी पत्र खाली केलं आणि सांगितलं. बटण, हॉटेल, भजी, फोनवर बोललेलं खोटं, सगळं. भज्यांपाशी लोक खदाखदा हसले. फोनपाशी कुणी हसलं नाही. शेवटी मी म्हणालो, "साळवे मामांनी एक थेंब कधी इकडचा तिकडं केला न्हाई. चोर मी होतो." असं बोलायचं काही ठरवून गेलो नव्हतो. मामा सगळा वेळ ताठ उभे होते, हात मागे बांधून, रांगेकडे तोंड करून. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. ते एकेका ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघत होते. रखवालदार आत गेला आणि त्यांचं ओळखपत्र घेऊन आला. मामांनी ते गळ्यात घातलं आणि आत गेले.

मी बाहेर चहाच्या टपरीवर थांबलो. मला वाटलं, भरलेला टँकर घेऊन ते बीडलाच येणार, दुपारी पंपावर आता सगळं पहिल्यासारखं होईल. दोन तासांनी टँकर फाटकातून बाहेर आला आणि माझ्यापाशी थांबला. मी म्हणालो, "मामा, मी यष्टीनं येतो मागून. पंपावर भेटूच."

"आजचा माल करमाळ्याचा हाय," ते वरून म्हणाले. "तुमची लाईन मी सोडली. रिटायर होईस्तोवर आता तिकडंच."

"कावून, मामा? सगळं मिटलं की."

त्यांनी इंजिन बंद केलं. मला ऐकू यावं म्हणून थोडे खाली वाकले. "तुमी माणूस वाईट न्हाईत, साहेब. बोललात, ते लई झालं. पण दर खेपेला तुमचं तोंड बघून मला ते तीन आठवडे आठवतील, अन् माझं तोंड बघून तुमाला. दोघांचं बी ध्यान कामात राहणार न्हाई. तेलाची गाडी हाय ही."

मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण ते उंच केबिनमध्ये होते आणि मी खाली रस्त्यावर. "जय भीम, मामा," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी आधी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि इंजिन चालू केलं.

टँकर रस्त्याच्या तोंडाशी जाऊन थांबला, दोन्ही बाजू बघितल्या आणि बीडच्या वाटेला, सोलापूरकडे न वळता करमाळ्यासाठी पुण्याच्या बाजूला वळला. मी हात वर करून उभा होतो. आरशात मी त्यांना दिसलो असणार. आरसा बघितल्याशिवाय गाडी वळवणाऱ्यांतले मामा नव्हते.